बारा महिने, तेरा ओझी

घासाचा भारा सायकलवर बांधायची एक रीत आहे. आधी कॅरिअरवर आडवी फळी टाकायची. फळीखालून जुन्या ट्यूबची लांब पट्टी ओवून घ्यायची, मग भारा ठेवायचा आणि पट्टी ताणून वरून आवळायची. दोरीपेक्षा ट्यूब बरी, कारण खड्ड्यात सायकल आदळली की दोरी सैल पडते; रबर पुन्हा आवळून बसतं. भारा फार मागे गेला तर चढावर पुढचं चाक हलकं होऊन हँडल भरकटतं, आणि फार पुढे आला तर सीटवर नीट बूड टेकत नाही. राहुरी, श्रीरामपूर, राहाता, नेवासे या कालव्याच्या पट्ट्यात ज्याच्या दारात दोन गायी आहेत त्या घरातल्या शाळकरी पोरालासुद्धा हे कळतं. लसूणघास, हत्तीगवत, गळिताच्या हंगामात उसाचे वाढे: रोज काहीतरी आणावंच लागतं. गायीला रविवार नसतो.

युरोपात गेल्या काही वर्षांत ओझ्याची सायकल हा मोठ्या कौतुकाचा विषय झाला आहे. कोपनहेगनच्या ख्रिस्तियानिया वस्तीत लार्स एंगस्ट्रॉम यांनी 1984 मध्ये पुढे पेटी बसवलेली तीनचाकी सायकल बनवली आणि तिच्यातून डॅनिश आईबाप मुलांना शाळेत सोडू लागले. नेदरलँड्समधली लांब, पुढे पेटी असलेली ‘बाकफिट्स’ त्याच कुळातली. आज विजेची मोटर बसवलेल्या अशा सायकलींची किंमत आपल्याकडच्या काही लाख रुपयांत जाते, तरी त्या खपतात, कारण तिथल्या शहरांनी त्यांच्यासाठी वेगळी वाट राखून ठेवली आहे. बर्फात, पावसात, बारा महिने ओझ्याच्या सायकलीवर कामाला जाणाऱ्यांचं तिकडे कौतुक होतं आणि ते योग्यच आहे.

पण बारमाही ओझ्याचा सायकलवाला पाहायला डेन्मार्क गाठायची गरज नाही. नगर जिल्ह्यात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे.

क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा: 17 हजार चौरस किलोमीटरहून थोडा जास्त, 14 तालुके. 2024 मध्ये त्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, तरी बोलताना बहुतेकांच्या तोंडी अजून ‘नगर’च येतं. पश्चिमेला अकोले तालुक्यात महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचं सर्वांत उंच शिखर आहे, उत्तरेला प्रवरा आणि मुळेचं बागायत, दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जतचा कोरडा मुलूख. मधल्या पठारावर सायकल बरी चालते. करंजी, इमामपूर किंवा चंदनापुरीच्या घाटात मात्र भरली सायकल हातात धरूनच न्यावी लागते. शिवाय गावं एकमेकांपासून लांब आहेत आणि वस्त्या गावापासून लांब. शेतातल्या वस्तीवरून गावातल्या डेअरीपर्यंतच्या दोन-चार किलोमीटरसाठी कुठलीच एसटी येत नाही. ते अंतर सायकलनेच तोडायचं असतं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

हे काम करणारी सायकल म्हणजे साधी काळी रोडस्टर. 28 इंची चाकं, उंच फ्रेम, दांड्यांचे ब्रेक. ज्यांना ओझं वाहायचं असतं ते डबल नळीची फ्रेम घेतात, पुढच्या चिमट्याला लोखंडी पट्ट्यांचा आधार देतात आणि कंपनीचा कॅरिअर काढून वेल्डिंगवाल्याकडून जाड सळीचा रुंद कॅरिअर बसवून घेतात. दूधवाला कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना आकडे लावून त्यांत कॅन अडकवतो. पाववाला वर पत्र्याची पेटी बसवतो. शहाळी विकणारा मागे पोती टांगतो आणि हँडलला कोयता. मूळ गाडी एकच, पण प्रत्येक धंद्याने तिला आपल्यापुरतं बदलून घेतलं आहे. हा बदल कुठल्या आराखड्यावरून होत नाही. वेल्डिंगच्या दुकानासमोर सायकल उभी करून, खडूने जमिनीवर रेघ मारून होतो, आणि बहुतेक वेळा पहिल्याच खेपेला नीट जमतो.

यांत धारवाल्याची सायकल वेगळी. ती वाहन आहे आणि यंत्रही. नगरच्या गल्लीत तो आरोळी देत येतो, सायकल मोठ्या स्टँडवर चढवतो, म्हणजे मागचं चाक अधांतरी होतं. मग पट्टा चढवून सीटवर बसून पॅडल मारू लागतो. पॅडलची गती पट्ट्यावाटे हँडलजवळ बसवलेल्या दगडी चाकाला मिळते, दगड गरगर फिरू लागतो आणि विळी, कात्री, सुरी त्याला लावली की ठिणग्या उडतात. काम संपलं की पट्टा उतरवायचा, स्टँड पाडायचा आणि पुढची गल्ली. ना पेट्रोल, ना वीज. संपूर्ण दुकान एका माणसाच्या पायांवर चालतं.

अकोले तालुक्याचं नातं तर मुंबईपर्यंत पोचतं. मुंबईच्या डबेवाल्यांची सुरुवात 1890 ची, महादेव हावजी बच्चे यांच्यापासून. त्यांतले बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांतले. अकोले त्यांच्या शेजारचाच तालुका, तिथलीही माणसं या कामात आहेत. लोकलमधून उतरवलेले डबे हँडलला, कॅरिअरला अडकवून कचेऱ्यांपर्यंत न्यायचे, ही शेवटची मजल सायकलची. डबेवाल्यांच्या बिनचूकपणावर व्यवस्थापनाच्या संस्था अभ्यास करतात. त्या साखळीतल्या सायकलीकडे मात्र फार कमी जण वळून बघतात. ट्रक आणि टेम्पो जिथे अडतात तिथे ती शिरते आणि दारासमोर उभी राहायला तिला हातभर जागा पुरते.

दुधाचं गणित सगळ्यांत काटेकोर. एक लिटर दूध एक किलोपेक्षा किंचित जड भरतं. वीस-वीस लिटरचे दोन कॅन म्हणजे कॅनचं वजन धरून पन्नास किलोच्या आसपास ओझं, आणि तेही दोन्ही बाजूंना सारखं हवं. एक कॅन भरलेला आणि दुसरा रिकामा असेल तर सायकल सतत एका अंगाला ओढते. स्वार अंग दुसऱ्या बाजूला कलवून तोल सांभाळतो आणि संध्याकाळी कंबर धरून बसतो. अर्धवट भरलेला कॅन त्याहून वाईट. आतलं दूध डचमळतं आणि वळणावर ओझं उशिरा वळतं. म्हणून जाणता दूधवाला दोन कॅनमध्ये दूध सारखं वाटून घेतो, नाहीतर एकच काठोकाठ भरून कॅरिअरच्या मध्यावर बांधतो. डेअरीत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) मोजलं जातं, त्यावर भाव ठरतो आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. डेअरीच्या वेळेनंतर पोचलेलं दूध घरीच परत न्यावं लागतं. उन्हाळ्यात तेवढ्यात ते नासलंही असतं. म्हणजे या माणसाच्या वेळापत्रकात पंक्चरला जागा नाही.

पंक्चर तर होतंच. पाऊस सरला की बांधावर आणि रस्त्याच्या कडेला सराटे वाळतात. त्यांचे काटे कसेही पडले तरी एक टोक वर राहतंच. बाभळीचा काटा त्याहून लांब, टायर आरपार करणारा. मग रस्त्याकडेचं दुकान: घमेल्यात गढूळ पाणी, त्यात बुडवलेली ट्यूब, बुडबुडा दिसला तिथे बोट, कानशीने खरवडणं, सोल्युशन, फुंकर, रबराचा तुकडा. दहा मिनिटांत माणूस पुन्हा रस्त्यावर. ओझ्याच्या सायकलीचा दुसरा कायमचा आजार म्हणजे चाकाला आऊट जाणं. मागच्या चाकावर सारखा भार पडून तारा ढिल्या होतात, एखादी तुटते आणि रिम नागमोडी फिरू लागते. आऊट काढणारा कारागीर चाक उलट्या सायकलवर फिरवतो, खडू जवळ धरतो, खडू जिथे टेकतो तिथली तार किल्लीने थोडी सैल करून समोरची आवळतो. डोळ्याने आणि कानाने चालणारं हे काम आहे. आवळलेली तार छेडली की तिच्या नादावरून त्याला ताण कळतो. अशी माणसं आता कमी होत चालली आहेत, कारण त्यांची मुलं मोटरसायकलच्या गॅरेजात गेली. नगर जिल्ह्यातल्या बारमाही सायकलवाल्याला पावसापेक्षा या गोष्टीची चिंता जास्त वाटावी, अशी स्थिती आहे.

वर्ष कसं जातं, ते ऋतूनुसार बघावं लागेल. जूनमध्ये नगरला पाऊस येण्याआधी वारा येतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश; कित्येकदा ढग वरून निघून जातात आणि वारा तेवढा खाली राहतो. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर आणि खांडक्याच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या वाऱ्यामुळेच. जी हवा पवनचक्की फिरवते तीच पश्चिमेकडे तोंड करून निघालेल्या सायकलवाल्याला ढकलून मागे लोटते. जून-जुलैत मागे उंच भारा बांधला तर तो शिडासारखा वारा धरतो. म्हणून या दिवसांत भारा आडवा आणि ठेंगणा बांधतात.

पाऊस पडला की दांड्यांच्या ब्रेकची पंचाईत होते. क्रोमच्या ओल्या रिमवर रबरी गुटका घसरतो, चाकाचे दोन-तीन फेरे पाणी पुसण्यात जातात आणि मग पकड येते. साठ किलो ओझं मागे असताना ते दोन-तीन फेरे फार लांबचे असतात. शेतरस्त्यावर तर काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये असा बसतो की चाक फिरायचंच थांबतं. काहींनी त्यावर मडगार्डच काढून टाकलं आहे. काही जण काडी घेऊन दर शंभर पावलांवर चिखल उकरतात. पावसाळ्यातला खरा कस ओझं कोरडं ठेवण्याचा. पेपर टाकणारी मुलं पहाटे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात आणि स्वतः भिजत जातात.

हिवाळ्यात पठारावर पारा दहा अंशांखाली उतरतो आणि राज्यातल्या सर्वांत गार ठिकाणांच्या यादीत नगर वरचेवर दिसतं. थंडी मात्र मुख्य अडचण नाही. याच महिन्यांत साखर कारखान्यांचं गाळप चालू असतं. आशियातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्याने घातला तो प्रवरेचा कारखाना 1950 मध्ये लोणीजवळ उभा राहिला, आणि आज या जिल्ह्यात हंगामभर रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर धावतात. त्यांच्या मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसली तर अंधारात त्या दिसत नाहीत. सायकलवाल्याकडेही बहुतेकदा दिवा नसतो. जुन्या डायनॅमोचा दिवा वेग कमी झाला की मंद होतो, आणि ओझं असताना वेग कमीच असतो. पहाटे पाच वाजता नगर-मनमाडसारख्या रस्त्यावर डाव्या कडेने चाललेल्या माणसाचा जीव मागून येणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहतो. पाठीवर आणि कॅनवर चिकटवलेली लाल परावर्तक पट्टी हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कारखान्यांनी ट्रॅक्टरबरोबर सायकलींनाही ती फुकट लावून द्यावी. खर्च नगण्य आहे.

उन्हाळ्यात पारा चाळीशी गाठतो. तेव्हा सायकलवर दुधाच्या जोडीला पाणी चढतं. दक्षिण भागात टंचाईच्या वर्षांत शेकडो टँकर फिरले, पण टँकर गावच्या विहिरीत किंवा टाकीत पाणी ओततो. तिथून वस्तीपर्यंत ते कॅनमधून सायकलवर येतं. झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद दाबून बसवतात, म्हणजे हिंदकळून सांडत नाही. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या घरात सायकल आहे तिथेही पाण्याचे हंडे पुष्कळदा बायकांच्याच डोक्यावर असतात आणि सायकल पुरुषाच्या हातात. मुली शाळेला सायकलवर जाऊ लागल्या तेव्हा हे बदलू लागलं. ज्या मुलीला सायकल येते ती पाण्याला डोक्यावर हंडा घेऊन कशाला जाईल? कॅरिअर लावलेली सायकल घरातल्या बाईच्या नावावर असणं, ही टंचाईच्या गावात मोठी सोय ठरेल.

हे सगळं जमतं कसं, याचं ढोबळ गणित मांडता येतं. माणूस 58 किलो, सायकल 22 आणि ओझं 60, एकूण 140 किलो. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी 12 किलोमीटरने जायला सुमारे 50 वॅट शक्ती लागते. निरोगी माणूस तासन्‌तास 75 वॅट देऊ शकतो, म्हणजे सपाटीवर ओझं असूनही तो फारसा थकत नाही. पण शंभर मीटरला तीन मीटर एवढा साधा चढ आला की त्याच वेगासाठी जवळजवळ 190 वॅट लागतात. 75 वॅटमध्ये त्या चढावर वेग ताशी पाच किलोमीटरवर येतो, म्हणजे चालण्याइतकाच. म्हणून माणूस खाली उतरून ढकलतो. समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा असेल तर सपाटीवरही शक्ती दुप्पट लागते. थोडक्यात, वर्षातल्या बहुतेक अंतराला माणसाचे पाय पुरतात. अडतं ते चढाच्या आणि वाऱ्याच्या थोड्या टप्प्यांवर. मदत तेवढ्यापुरतीच हवी.

नेमकी अशी मदत देणारं वाहन नगरनेच देशाला दिलं होतं. हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये नगरच्या कारखान्यात लूना बनवायला घेतली. इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या ‘चाओ’ मोपेडच्या धर्तीवरची, 50 सीसीची. तिला पॅडल होते. पॅडल मारून ती सुरू व्हायची आणि पेट्रोल संपलं तर सायकलसारखी चालवत घरी आणता यायची. 1972 हे महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाचंही वर्ष. ज्या जिल्ह्यात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, तिथेच गरिबाला परवडेल असं इंजिन तयार होत होतं. मास्तर, कारकून, पोस्टमन, दूधवाले आणि भाजीवाले लूनावर बसले. पुढे एम-80 आणि टीव्हीएसच्या मोपेडने दूधवाल्यांना आणखी जास्त ओझं वाहून दिलं. लूना बंद पडली आणि पॅडलही गेले.

फेब्रुवारी 2024 मध्ये ती विजेवर परत आली. ई-लूना कायनेटिक ग्रीन ही कंपनी विकते आणि तिची चौकट व इतर धातूचे भाग नगरच्याच कारखान्यात बनतात. 150 किलोपर्यंत ओझं पेलेल, असं कंपनी सांगते. पाय ठेवायच्या जागी सपाट मोकळी जागा आहे, तिथे पोतं मावतं. ओझ्यासाठीच बनवलेलं दुचाकी वाहन म्हणून ती चांगली वस्तू आहे. पण 2024 मध्ये साधी आवृत्तीसुद्धा सत्तर हजारांच्या घरात जात होती. दोन गायींवर संसार चालवणाऱ्याला ही रक्कम कर्जाशिवाय उभी करता येत नाही.

मधला मार्ग आहे आणि त्याचा विचार सातारा जिल्ह्यातल्या फलटणमध्ये झालेला आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकल रिक्षावर काम केलं. माणूस ओढत असलेलं हे वाहन अनेक दशकं तसंच राहिलं होतं. त्यांनी रिक्षाला गिअर दिले, ब्रेक सुधारले आणि नंतर छोटी विजेची मोटर जोडून पाहिली. ओझ्याच्या सायकलीलाही हेच लागू पडतं. काळ्या रोडस्टरला आजही एकच गिअर असतो, चढाला वेगळा नसतो. मागच्या चाकाच्या आत बसणारा तीन वेगांचा गिअर इंग्लंडमध्ये 1902 मध्येच बनू लागला. आपल्या दूधवाल्याच्या सायकलीला तो मिळायला हवा होता.

मोटरचंही तसंच. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार 250 वॅटपेक्षा कमी शक्तीची, ताशी 25 किलोमीटरपेक्षा जास्त न धावणारी आणि बॅटरीशिवाय 60 किलोपेक्षा हलकी विजेची गाडी मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. वरच्या गणितात चढावर कमी पडणारी शक्ती सव्वाशे वॅटांच्या आतली आहे. म्हणजे कायद्यात बसणारी लहान मोटर ओझ्याच्या सायकलीला पुरून उरते. सायकल तीच, कारागीर तोच, वेल्डिंगवालाही तोच राहील. शेतकऱ्याच्या सौरपंपाला अनुदान मिळतं, गोठ्याला मिळतं, दूध काढायच्या यंत्राला मिळतं. ते दूध रस्त्यावरून नेणाऱ्या सायकलीच्या मोटरला मिळावं अशी मागणी दूध संघांनी अजून जोर लावून केलेली नाही.

तशी मागणी करायची तर आधी आकडा हवा. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 45 टक्के कुटुंबांकडे सायकल होती, दुचाकी मोटर वाहन असलेल्या कुटुंबांच्या दुपटीहून जास्त. त्या जनगणनेत माणूस कामावर कसा जातो तेही विचारलं होतं. कॅरिअरवर काय बांधून जातो, हे विचारलं नव्हतं. दर सकाळी डेअरीच्या दारात किती सायकली उभ्या राहतात, हे प्रत्येक दूध संस्थेच्या सचिवाला डोळ्यांनी दिसतं; दूध मोजायच्या वहीत एक रकाना वाढवला तर दहा दिवसांच्या एका पगारात गावाचा आकडा कळेल.